गीतकर्त्याचे नाव आणि गीताचा हक्क

(महोत्सवानिमित्त भरलेल्या गायकवृंदांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सव समितीने असा ठराव केला आहे की, आपल्या देवळात आजवर गायिली गेलेली आणि आपल्याच धर्मग्रामातील लोकांनी रचलेली गीते एकत्र करून त्यांची एक पुस्तिका छापावी. गायकवृंदाचे जुने कागद अनेक वर्षे आमच्याकडे राहिले असल्यामुळे ते काढून पाहण्याचे काम स्वाभाविकच आमच्या वाट्यास आले. आम्ही मोठ्या हौसेने ते गाठोडे सोडले. पण दोन रात्री कागद चाळल्यावर आमची हौस मावळली. निम्म्याहून अधिक गीतांवर कर्त्याचे नाव नाही. अमुक गीत अमक्याने रचले असे आम्हांस पुसट आठवते; दुसऱ्यास विचारावे तो तिसऱ्याचेच नाव सांगतो. आणि हा दोष कोणा परक्याचा म्हणावा तर तसेही नाही. सायक्लोस्टाईलचे स्टेन्सिल आम्हीच कापीत असू. एका पानावर दोन गीते बसवावयाची, जागा अपुरी पडावयाची. मग कडवे गाळण्यापेक्षा नावाची ओळ गाळलेली बरी, असे आम्हीच ठरवीत असू. आज बोलावयास उभे राहताना हे प्रथम कबूल करणे आम्हांस प्राप्त आहे.

त्या कागदांत एक नोव्हेनाचे गीत सापडले. आमच्या वृंदात सर्वजण ज्यांना मावशी म्हणत, त्यांनी ते रचले होते. मावशींचे शिक्षण बेताचे, पण कान शाबूत आणि शब्द नेमका. त्या गीतात एक माता पवित्र मरियेच्या वेदीपुढे रिती ओंजळ घेऊन उभी राहते. ज्या वर्षी ते लिहिले गेले, त्या वर्षी मावशींच्या घरी काय घडले होते हे जुन्या मंडळींस ठाऊक आहे. ते आम्ही येथे सांगत नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी एका ध्वनिफितीवर तेच गीत आमच्या कानी आले. वेष्टनावर कवीच्या जागी ‘पारंपरिक’ असे छापले होते, आणि गाणाऱ्यांनी रिती ओंजळ भरलेली करून टाकली होती! त्यांस ते अधिक मंगल वाटले असावे.

आम्ही फीत काढणाऱ्यांस पत्र लिहिले. त्यांचे उत्तर सभ्य होते: हे गीत बाईंचे आहे असे दाखविणारी, नाव असलेली जुनी छापील प्रत पाठवा, म्हणजे विचार करू. मावशींची वही पावसाळ्यात ओल लागून गेली होती. छापील प्रत होती ती आमची. आणि तिच्यावर, वर सांगितलेल्या कारणास्तव, नाव नव्हते. गावातील साक्षीदार उभे करता आले असते. परंतु मावशी कोर्टकचेरी करणाऱ्यांपैकी नव्हत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “नाव राहू द्या, पण तो शब्द तेवढा सुधारायला सांगा.” तो शब्द सुधारला गेला नाही, आणि मावशी आता आपल्यांत नाहीत.

आपल्यांतील तरुण गीतकार आम्हांस नेहमी विचारतात, “आम्ही आमच्या गीतांचा कॉपीराइट काढावा काय?” ह्या प्रश्नात ‘काढावा’ हा शब्दच चुकीचा आहे. कॉपीराइट हा शिधापत्रिकेप्रमाणे कचेरीत जाऊन काढावयाचा नसतो. आपल्या देशात १९५७ चा कायदा चालू आहे, व त्यान्वये स्वतःच्या बुद्धीने रचलेले गीत कागदावर उतरले की त्याच क्षणी त्यावर कर्त्याचा हक्क उत्पन्न होतो. तो कर्त्याच्या हयातीत राहतो आणि मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या वारसांकडे चालतो. जुन्या मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठामागे ‘सर्व हक्क स्वाधीन’ असे छापीत, ते वाचून पुष्कळांची समजूत झाली आहे की, तसे छापले नाही तर हक्क नाही. ही समजूत खरी नव्हे.

गीताचे शब्द ही एक कृती आणि त्याची चाल ही दुसरी कृती होय, हेही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कायदा शब्दांस वाङ्मय समजतो व चालीस संगीत. शब्द एकाचे व चाल दुसऱ्याची असेल तर दोघे आपापल्या वस्तूचे धनी. १९९४ पर्यंत चालीस हे संरक्षण मिळण्यासाठी ती स्वरलिपीत लिहिलेली किंवा छापलेली असावी लागे, आणि आपल्यांतील किती पेटीवाल्यांना स्वरलिपी येत होती! त्या वर्षीच्या दुरुस्तीने ही अट गेली. तरी चाल केवळ कंठात ठेवू नये. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल फोन आहे. चाल बसली त्याच दिवशी ती गाऊन ठेवावी आणि आरंभी आपले नाव व तारीख उच्चारावी. ह्याला दोन मिनिटे लागतात.

आता नाताळच्या गीताची एक हकिकत सांगतो. ऑस्ट्रियात साल्झबुर्गच्या जवळ ओबर्नडोर्फ नावाचे गाव आहे. तेथील सहायक धर्मगुरू योझेफ मोर यांनी १८१६ मध्ये एक सहा कडव्यांची कविता लिहिली होती. १८१८ च्या नाताळच्या पूर्वसंध्येस त्यांनी ती शेजारच्या गावचे शाळामास्तर व ऑर्गनवादक फ्रान्झ झावेर ग्रुबर यांच्या हाती देऊन तिला चाल मागितली. त्याच रात्री दोघांनी देवळात गिटारच्या साथीने ती गायिली. आपण मराठीत व इंग्रजीत दर नाताळला गातो ती ‘सायलेंट नाइट’ ती हीच. दोघेही आपल्यासारखेच हौशी. एकाचा धंदा धर्मसेवेचा, दुसऱ्याचा मुलांस शिकविण्याचा. पुढे एका ऑर्गन बांधणाऱ्या कारागिराने हे गीत टिरोल प्रांतात नेले, तेथील गाणाऱ्या कुटुंबांनी ते जर्मनीभर पोहोचविले, आणि १८३० नंतरच्या काही वर्षांत ते द्रेस्देनला छापलेही गेले. छापणाऱ्याने त्यास अस्सल टिरोली लोकगीतांत बसविले होते. म्हणजे आपल्या भाषेत सांगावयाचे तर ‘पारंपरिक’!

ज्यांस ते लोकगीत वाटले नाही, त्यांनी ते मोठमोठ्या संगीतकारांच्या नावे चढविले. एवढी गोड चाल खेड्यातील मास्तराची कशी असेल, असा त्यांचा तर्क. १८५४ मध्ये बर्लिनच्या राजदरबारातील संगीतकारांनी साल्झबुर्गच्या सेंट पीटर मठाकडे विचारणा केली की, मिखाएल हायडन यांच्या ह्या गीताची मूळ प्रत आपल्याकडे आहे काय? ही विचारणा वृद्ध ग्रुबर यांच्या कानी गेली, आणि त्या वर्षीच्या ३० डिसेंबरला त्यांनी सर्व हकिकत लिहून दिली: शब्द मोर यांचे, चाल माझी, दिवस अमुक. फादर मोर तोपर्यंत निवर्तले होते. १८४८ मध्येच त्यांचे देहावसान झाले होते. ग्रुबर यांचे लिहिणे खरे असले तरी ते स्वतःविषयी स्वतःच दिलेले, आणि तेही घटनेनंतर ३६ वर्षांनी. म्हणून शंका पुरती मिटेना. ती मिटली १९९५ मध्ये. मोर यांच्या हातचा, सुमारे १८२० सालचा एक जुना कागद त्या वर्षी उजेडात आला. त्यावर गीत आहे, शब्दांचे साल १८१६ असे दिले आहे, आणि चाल फ्रान्झ झावेर ग्रुबर यांची असे स्पष्ट लिहिले आहे.

ह्या गोष्टीत आम्हांस सर्वांत हृद्य वाटते ते हे की, ग्रुबर यांच्या बाजूने शेवटी साक्ष दिली ती त्यांच्या सहकाऱ्याने. धर्मगुरूने आपल्या कागदावर मास्तराचे नाव लिहून ठेविले होते. आपले स्टेन्सिल कापणारे त्या जागी असते तर काय झाले असते, ह्याचा विचार आम्ही न केलेला बरा.

आपल्या कायद्यातही छापलेल्या नावास असेच महत्त्व दिले आहे. १९५७ च्या कायद्याचे कलम ५५ सांगते की, प्रसिद्ध झालेल्या प्रतीवर कर्ता म्हणून ज्याचे नाव असेल तोच कर्ता, असे हक्कभंगाच्या दाव्यात गृहीत धरावे. ज्याला तसे वाटत नसेल त्याने उलट सिद्ध करावे. म्हणजे देवळाच्या मासिक पत्रिकेत नाव आणि महिना ह्यांसह छापलेले गीत हा कर्त्याचा बिनखर्चाचा दस्तऐवज होय. पुष्कळांना कोणीतरी सांगितलेले असते की, गीत पाकिटात बंद करून रजिस्टर टपालाने स्वतःच्याच पत्त्यावर पाठवावे व न फोडता ठेवावे. अशा पाकिटास कायद्याने काही विशेष मान दिलेला नाही. त्यापेक्षा पत्रिकेचा तो अंक शंभर घरांत गेलेला असतो, ही साक्ष अधिक भक्कम.

मग नोंदणीचे काय? नोंदणी ऐच्छिक आहे. ती केल्याशिवाय दावाच लावता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये एका प्रकरणी म्हटले होते. परंतु २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने ते मत चुकीचे ठरवून नोंदणी सक्तीची नाही असा निर्णय दिला. नोंदणीच्या पुस्तकातील उतारा हा प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो, एवढा तिचा उपयोग. २०१३ च्या नियमांनुसार वाङ्मयकृतीस ५०० रुपये व संगीतकृतीस तितकेच शुल्क आहे. म्हणजे एका गीताचे शब्द व चाल मिळून १००० रुपये. अर्ज दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाकडे संगणकावरूनही करता येतो, आणि कोणाची हरकत येते की काय हे पाहण्यासाठी निदान ३० दिवस थांबावे लागते. आमचे मत विचाराल तर, रविवारच्या मिस्सेसाठी गीत रचणाऱ्याने प्रत्येक गीतामागे हा खर्च करू नये. ज्याची गीते ध्वनिमुद्रित होऊन बाजारात जावयाची आहेत, किंवा ज्याच्या गीतावर दुसऱ्याने हक्क सांगावयास आरंभ केला आहे, त्याने अवश्य करावा.

आणि नोंदणी केली म्हणजे सर्व साधले असेही नाही. वाढदिवसाचे प्रसिद्ध इंग्रजी गीत घ्या. त्याची चाल अमेरिकेतील हिल नावाच्या दोघी बहिणींच्या १८९३ च्या बालगीतसंग्रहातील. १९३५ च्या एका नोंदणीच्या जोरावर पुढे कित्येक दशके त्या गीताचे पैसे वसूल केले गेले. २०१५ मध्ये न्यायाधीशांनी नोंद नीट वाचली, तो ती केवळ पियानोच्या काही मांडणीपुरती निघाली. शब्दांचा तीत समावेशच नव्हता.

येथे आमचे काही वडीलधारे बंधू निश्चित म्हणतील की, जे प्रभूच्या गौरवासाठी लिहिले त्यावर हक्क कसला सांगता? वेदीवर ठेविलेल्या फुलावर माळी आपले नाव लिहितो काय? हा आक्षेप आम्ही हलका समजत नाही. किंबहुना स्टेन्सिलवरून नावे गाळताना आमच्याही मनात थोडासा तोच विचार असे, आणि त्याने आमच्या आळसास चांगलेच पांघरूण मिळे. परंतु कायदा येथे देवळाच्या आड येत नाही. खऱ्याखुऱ्या धर्मविधीच्या ओघात गीत गायिले तर कलम ५२ प्रमाणे हक्कभंग होत नाही. लग्नाच्या वरातीतील व लग्नसमारंभातील गाण्यासही तीच मोकळीक आहे. हौशी मंडळाने फुकट कार्यक्रम केला किंवा धर्मसंस्थेच्या मदतीसाठी केला तरी हरकत नाही. तेव्हा हक्क राखल्याने कोणाची मिस्सा अडून राहील ही भीती व्यर्थ आहे. ही मोकळीक गाण्यापुरती आहे, हे मात्र विसरू नये. पुस्तिका छापणे, ध्वनिमुद्रण विकणे, यूट्यूबवर चढविणे ह्यांस कर्त्याची संमती लागते.

शिवाय नाव म्हणजे केवळ मान नव्हे, जबाबदारीही होय. उपासनेत गावयाच्या गीतात श्रद्धेस विसंगत असे काही असू नये, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयीच्या दस्तऐवजात ती पुन्हा सांगितली. एखाद्या ओळीविषयी धर्मगुरूंना शंका आली तर त्यांनी विचारावे कोणाला? फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. त्या छपाईची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरी चारशे वर्षांनंतर आपण ते त्यांच्याच नावाने ओळखतो, आणि त्यामुळे त्या पुरुषाची नम्रता कमी झाली असे कोणी म्हटलेले आम्ही ऐकले नाही. ज्यास खरोखरच आपले गीत सर्वांस मोकळे करावयाचे आहे, त्यासही कायद्यात वाट आहे. कलम २१ प्रमाणे जाहीर सूचना देऊन हक्क सोडता येतो. परंतु तो कर्त्याने सोडावयाचा, स्टेन्सिल कापणाऱ्याने नव्हे.

मावशींनी मागितले होते तेवढे तर कायद्याने स्वतंत्रपणेच दिले आहे. कलम ५७ प्रमाणे, कर्त्याने आपले सर्व हक्क पैसे घेऊन विकले असले तरीसुद्धा, ‘ही कृती माझी आहे’ असे म्हणण्याचा आणि आपल्या लौकिकास बाध येईल अशी तिची मोडतोड थांबविण्याचा अधिकार त्याच्यापाशी उरतो. हे कलम आम्हांस त्या वेळी ठाऊक नव्हते.

आता थोडे कटू बोलतो. आपले हक्क मागताना आपण दुसऱ्यांचे हक्क किती पाळतो? आपल्या वृंदातील कित्येक गीते चित्रपटांतील चालींवर बसविलेली आहेत. शब्द भक्तिभावाचे व आपल्या मालकीचे. पण चाल कोणाची? देवळात गाणे निराळे आणि त्याच चालीवर मुद्रण करून सर्व जगासमोर मांडणे निराळे. इंग्रजी गीतांच्या भाषांतराचेही तसेच. मूळ कवीला जाऊन ६० वर्षांहून अधिक काळ लोटला असेल तर निःशंक भाषांतर करावे, त्या भाषांतरावर आपला हक्क राहील; परंतु हयात कवीच्या गीताचे भाषांतर छापावयाचे असेल तर परवानगी मागणे प्राप्त आहे. कॅथोलिक गीतपुस्तकांच्या प्रकाशकांकडे अशी पत्रे जाणे नित्याचेच असते. विनंती करण्यात कमीपणा नाही.

ध्वनिमुद्रण करणारे लोक कागद पुढे करतात, त्याविषयी थोडक्यात. हक्काचे हस्तांतर लेखी व सहीनिशीच होते; तोंडी ‘घ्या, गा’ म्हटल्याने हक्क जात नाही. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत, असे कायदा धरतो. म्हणून ‘कायमचे’ आणि ‘सर्व जगात’ हे शब्द दिसले की लेखणी खाली ठेवावी आणि कोणा वकिलास कागद दाखवावा. आपल्या धर्मग्रामात वकिलांची वाण नाही. स्वामित्वधनाची रक्कम किंवा प्रमाण कागदात असलेच पाहिजे. २०१२ च्या दुरुस्तीपासून ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गीताच्या कवीचा व संगीतकाराचा स्वामित्वधनातील वाटा वारसांशिवाय किंवा त्यांच्या हक्कसंस्थेशिवाय इतर कोणास देताच येत नाही. असे असूनही सही करून आलेले आणि मग आपल्याच गीताची फीत यूट्यूबवर टाकताच दुसऱ्याच्या हक्काची सूचना पाहून चकित होणारे तरुण आम्हांस भेटतात.

असो. पुस्तिकेविषयी आमची समितीस विनंती आहे की, प्रत्येक गीताखाली शब्द कोणाचे, चाल कोणाची व सुमारे कोणत्या वर्षी प्रथम गायिले, हे छापावे. जागा न पुरल्यास कडवे गाळावे. आपल्या आज्यापणज्यांनी लग्नाच्या मांडवात गायिलेली, कोणी रचली हे कोणासच ठाऊक नसलेली बोलीतील गाणी आहेत; ‘पारंपरिक’ हा शब्द त्यांच्यापुरताच राखावा. जेथे कर्ता होता पण आपण त्यास विसरलो, तेथे ‘कवीचे नाव मिळाले नाही, ठाऊक असल्यास कळवावे’ असे छापावे. कर्ते हयात असतील तर त्यांची, नसतील तर मुलाबाळांची लेखी संमती घ्यावी. दोन ओळींची चिठ्ठी पुरते.

येत्या रविवारपासून दोन्ही मिस्सांनंतर देवळाच्या व्हरांड्यात एक नोंदवही ठेवण्यात येईल. आपापल्या घरच्या पेट्यांत, जुन्या प्रार्थनापुस्तकांच्या पानांत, आईवडिलांच्या हस्ताक्षरातील एखादे गीत असेल तर ते घेऊन यावे. वहीचे पहिले पान आम्ही भरले आहे. त्यावर मावशींचे गीत त्यांच्या पूर्ण नावासह लिहिले आहे, त्यांच्या लेकीने खाली सही केली आहे, आणि ओंजळ रिती आहे.